गुणिले शंभर : परदेशातल्या संसाराचा जमाखर्च

सुट्टीत बडोद्याला आले की ओळखीच्या चार घरी जाणं होतंच, आणि चहा पुढे आला की प्रश्नही ठरलेला असतो : "तिकडे पगार किती मिळतो गं?" मी आकडा युरोमध्ये सांगते. समोरची व्यक्ती क्षणभर वर बघते आणि मनातल्या मनात शंभरने गुणते. मग "बापरे!" म्हणते आणि विषय दुसरीकडे वळतो. खर्च किती होतो, हे सहसा कोणी विचारत नाही.

गेल्या दिवाळीत माझ्या मावसभावाने ते विचारलं. त्याचं इंजिनिअरिंग संपत आलं आहे, जर्मनीतल्या दोन विद्यापीठांत अर्ज करायचा विचार आहे. काका म्हणाले, "घर तारण ठेवू, त्यात काय!" काकांचं दांडिया बाजारातलं हे एकच घर. निवृत्तीला तीन वर्षं उरली आहेत. भाऊ मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, खरं सांग. बाबांच्या घरावर कर्ज काढावं, एवढं त्यात आहे का?"

त्याला जे सांगितलं तेच थोडं सविस्तर इथे लिहिते आहे. आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांत आज हाच प्रश्न जेवणाच्या टेबलावर आहे. मी २०२१ च्या सप्टेंबरमध्ये श्टुटगार्टला आले, दोन वर्षं शिकले, आणि २०२४ पासून इथेच नोकरी करते. त्यामुळे इंग्लंड-अमेरिकेचं मला सांगता येणार नाही. जर्मनीचा हिशेब मात्र रोजच्या पावत्यांवरून मांडता येईल.

विमानात बसण्याआधी

जर्मनीत शिक्षण फुकट असतं, असं आपल्याकडे सर्रास म्हटलं जातं. ते बहुतांश खरं आहे, पण सगळीकडे नाही. बहुतेक राज्यांतल्या सरकारी विद्यापीठांत शिकवणीची फी नसते. मात्र श्टुटगार्ट ज्या राज्यात येतं त्या बाडेन-वुर्टेम्बर्गमध्ये २०१७ पासून युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना दर सत्राला १,५०० युरो भरावे लागतात. चार सत्रांचे झाले ६,००० युरो, म्हणजे सहा लाख रुपये. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४ च्या हिवाळी सत्रापासून अशा विद्यार्थ्यांना फी सुरू केली आहे, आणि ती याहून जास्त आहे. म्हणून देश निवडलात तरी काम संपत नाही. राज्य कोणतं, विद्यापीठ कोणतं, हे बघूनच खर्चाचा अंदाज बांधावा.

दुसरा मोठा आकडा 'स्पेरकोंटो'चा. हे विद्यार्थ्याच्याच नावाचं, पण कुलूप लावलेलं खातं. व्हिसासाठी त्यात वर्षभराच्या खर्चाची रक्कम आधी भरून दाखवावी लागते आणि इथे आल्यावर दरमहा ठरलेला हप्ताच काढता येतो. मी आले तेव्हा ही रक्कम १०,३३२ युरो होती, महिन्याला ८६१. सप्टेंबर २०२४ पासून ती ११,९०४ झाली, महिन्याला ९९२. हे पैसे फी म्हणून जात नाहीत, आपणच खाऊन-राहून संपवायचे असतात. पण निघण्याआधी बारा लाख रुपये हाताशी हवेत, हे खरंच.

आता कर्ज. बँका साधारणपणे साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण मागतात, म्हणून घराचा विषय निघतो. शिक्षण चालू असताना हप्ता नसतो, याचा घरच्यांना दिलासा वाटतो. पण हप्ता थांबला तरी व्याज थांबत नाही. समजा, वीस लाख दहा टक्क्यांनी घेतले. अभ्यासक्रमाची दोन वर्षं आणि नोकरी शोधायचे सहा महिने धरले, तर सरळ व्याजच पाच लाख होतं. म्हणजे फेडायला सुरुवात करताना कर्ज पंचवीस लाखांचं झालेलं असतं आणि दहा वर्षांच्या मुदतीला महिन्याचा हप्ता तेहतीस हजारांच्या आसपास बसतो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रुपयाचं घसरणं दोन्ही बाजूंनी कापतं. मी आले तेव्हा युरो ८६-८७ रुपयांना होता, आता शंभरच्या पलीकडे गेला आहे. इथे कमावून तिथलं कर्ज फेडणाऱ्याला ते बरं पडतं. तिथून पैसे पाठवणाऱ्या वडिलांना मात्र तेवढ्याच युरोंसाठी दरवर्षी जास्त रुपये मोजावे लागतात.

घर मिळणं

इथे नोकरीपेक्षा घर मिळवणं अवघड, असं म्हणायची पद्धत आहे. श्टुटगार्ट डोंगरांच्या मधल्या खोलगट भागात वसलेलं शहर, जागा कमी आणि मोटारींचे मोठमोठे कारखाने असल्याने माणसं भरपूर. विद्यार्थ्यांच्या वसतिगृहात खोली मिळाली तर नशीब. मला तीन महिन्यांच्या प्रतीक्षेनंतर ३४० युरोंची खोली मिळाली. तोपर्यंत एका घरात पोटभाडेकरू म्हणून राहिले, तिथे ५२० जात होते.

भाड्याच्या जाहिरातीत दोन आकडे असतात. 'काल्टमीटे' म्हणजे थंड भाडं, नुसत्या भिंतींचं. 'वार्ममीटे' म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिना-झाडणी वगैरे धरून. आपल्याला द्यायचा असतो तो दुसरा आकडा, आणि वीज व इंटरनेट बहुधा त्याच्याही बाहेर. शिवाय हीटिंगचे पैसे अंदाजाने घेतलेले असतात. वर्षाच्या शेवटी हिशेब होतो आणि थंडी जास्त पडली असेल, तर वरचे पैसे भरावे लागतात. अनामत रक्कम कायद्याने तीन थंड भाड्यांपर्यंत घेता येते. घर रिकामं म्हणजे किती रिकामं? अनेक घरांत स्वयंपाकाचा ओटासुद्धा नसतो आणि छतातून दिव्यांच्या नुसत्या वायरी लोंबत असतात. आधीचा भाडेकरू दिवे आणि ओटा दोन्ही काढून नेतो.

घरमालक 'शुफा' नावाचा कागद मागतो. माणूस उधारी वेळेवर फेडतो की नाही, याचा तो दाखला. नव्याने आलेल्याच्या नावावर इथे काहीच इतिहास नसतो, त्यामुळे दाखल्यात दाखवण्यासारखंही काही नसतं. घरात राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत नगरपालिकेत नाव नोंदवावं लागतं, त्याला 'आनमेल्डुंग' म्हणतात. त्यासाठी घरमालकाची सही हवी. त्या नोंदणीनंतर करक्रमांक येतो आणि बाकीची बरीच कामं त्यावरच अडलेली असतात. याच घाईचा फायदा घेणारे ठग खूप आहेत : सुंदर फोटो, स्वस्त भाडं, मालक म्हणे परदेशात, अनामत आधी पाठवा. घर डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक पैसाही पाठवायचा नाही, हे प्रत्येकाने कागदावर लिहून भिंतीला चिकटवावं.

नोकरी लागल्यावर आम्ही दोघं घर शोधत होतो तेव्हा साठेक ठिकाणी पत्रं पाठवली. बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. एका ठिकाणी मात्र दूरध्वनीवर आडनाव ऐकताच जागा 'नुकतीच गेली', आणि जाहिरात पुढे दोन आठवडे तशीच होती. रडू आलं. पण बडोद्याच्या माणसाने या बाबतीत फार बोलू नये, असंही वाटलं. सयाजीराव महाराजांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती देऊन १९१३ मध्ये बाबासाहेब आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. परतल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. त्या करारासाठी ते १९१७ मध्ये बडोद्याला आले, तेव्हा एवढ्या शिकलेल्या माणसाला आपल्या शहरात कोणी खोली दिली नाही. पारशी धर्मशाळेतूनही त्यांना हुसकावण्यात आलं आणि ते कमाटी बागेत एका झाडाखाली येऊन बसले. ती जागा आज संकल्पभूमी म्हणून ओळखली जाते. आपण लहानपणी त्याच बागेत छोट्या आगगाडीत बसायला जायचो. मला निदान एकसष्टाव्या ठिकाणी घर मिळालं.

आमच्या दोन खोल्यांच्या घराचं गरम भाडं १,२५० युरो आहे. त्यावर दर घरटी महिन्याला १८.३६ युरो रेडिओ-टीव्हीची वर्गणी. टीव्ही असो नसो, द्यावीच लागते. पण ती माणशी नसते, घरामागे असते. तीन मुलांनी मिळून घर घेतलं तर एकानेच भरायची आणि तिघांनी वाटून घ्यायची.

हातांची किंमत

इथल्या महागाईचं एक सूत्र मला लवकरच कळलं. जिथे यंत्राचं काम आहे तिथे वस्तू परवडते, जिथे माणसाचा हात लागतो तिथे ती महाग. दूध साधारण एक युरो लिटर, पीठ, पास्ता, बटाटे, सफरचंदं यांचा बोजा वाटत नाही. पण केस कापणं, पँटची शिलाई उसवली तर शिवून घेणं, नळ गळतो म्हणून माणूस बोलावणं, या सगळ्याला खिसा रिकामा होतो. दार ओढलं गेलं आणि किल्ली आत राहिली, तर कुलूप उघडणाऱ्याचं बिल ऐकून माणूस पुढची दहा वर्षं किल्ली गळ्यात बांधून फिरतो.

याचं कारण किमान वेतन. मी आले तेव्हा ते ताशी ९.६० युरो होतं, २०२५ मध्ये १२.८२ झालं आणि जानेवारी २०२६ पासून १३.९० आहे. म्हणून इथे भांडीवाली बाई नाही, इस्त्रीवाला नाही, कोपऱ्यावरून 'दोन मिनिटांत' सामान आणून देणारा पोऱ्या नाही. कपाटं स्वतः जोडायची, भिंती स्वतः रंगवायच्या. आमच्या भागात 'केरवोखे' नावाची जुनी श्वाबी प्रथा आहे. ज्याची पाळी, त्याच्या दाराला पाटी लटकते आणि त्या आठवड्यात जिना आणि इमारतीसमोरचा रस्ता त्याने झाडायचा. बर्फ पडला तर तोही काढायचा. समोरच्या मजल्यावरच्या आजी पंचाहत्तरीच्या पुढच्या आहेत, आणि माझा जिना झाडून झाला की त्या हळूच दार उघडून कोपरे बघतात.

पण हेच वेतन विद्यार्थ्यालाही मिळतं, ही त्याची दुसरी बाजू. आपल्या विद्यार्थ्यांना वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करायची परवानगी आहे. सत्र चालू असताना आठवड्याला वीस तासांच्या आत राहिलेलं बरं. आठवड्याला दहा तास काम केलं तरी आजच्या दराने महिन्याला सहाशे युरोंच्या आसपास येतात. मी दीड वर्ष शनिवार-रविवारी पहाटे एका बेकरीच्या काउंटरवर उभी राहिले. जर्मन भाषा वर्गात शिकले त्याहून जास्त तिथे शिकले. पण एक सांगते : भाषा येत नसेल तर विद्यार्थ्याला गोदामातलं ओझं उचलण्याचंच काम मिळतं, तेही नेहमी नाही. 'पार्टटाइम करून सगळं निघेल' या भरवशावर कोणी निघू नये. पहिलं सत्र कमाईशिवाय निघेल एवढे पैसे हवेतच.

एकदा आई फोनवर सांगत होती की कामवाल्या मावशींनी महिन्याला दोनशे रुपये वाढवून मागितले. माझ्या तोंडून निघालं, "आई, पाचशे दे." त्या दिवशी मी स्वतः आमचं न्हाणीघर घासलं होतं. बडोद्यात आपल्याला जे स्वस्त वाटतं ते कोणाच्या तरी हातांच्या स्वस्ताईवर उभं आहे, हे कळायला मला इतक्या लांब यावं लागलं.

रोजचं जेवण, रोजचं जाणं

दोघांच्या किराण्याला आम्हाला महिन्याला साडेतीनशे ते चारशे युरो लागतात. त्यात डाळी, पोहे, कणीक भारतीय किंवा तुर्की दुकानातून. कोथिंबिरीची जुडी इथे फुकट मिळत नाही, मोजून पैसे देऊन घ्यावी लागते. बाहेर जेवायचं म्हटलं तर साध्या ठिकाणीही माणशी पंधरा युरो सहज जातात, त्यामुळे ते महिन्यातून एकदा-दोनदा. मुलगा असो की मुलगी, वरण-भात, पोळी, दोन भाज्या आणि एक उसळ यायलाच हवी. निघण्याआधी दोन महिने स्वयंपाकघरात उभं राहिलेला मुलगा इथे महिन्याला शंभर-दीडशे युरो वाचवतो. श्रीखंडाची चिंता नको. इथे 'क्वार्क' नावाचा चक्क्यासारखा प्रकार स्वस्तात मिळतो, रात्रभर फडक्यात टांगला की गुढीपाडवा साजरा होतो. शेव-उसळीची तर्री मात्र अजून जमलेली नाही.

रविवारी दुकानं बंद. शनिवारी संध्याकाळी दूध आणायचं राहिलं तर सोमवारपर्यंत काळा चहा. रात्री दहानंतर शांतता पाळायची असते, म्हणून डोशाचं पीठ संध्याकाळीच वाटून ठेवायचं आणि रविवारी भिंतीत खिळा ठोकायचा नाही. प्लास्टिकच्या बाटलीवर २५ सेंट अनामत घेतात, ती दुकानातल्या यंत्रात परत केली की पैसे मिळतात. विद्यार्थिदशेत खोलीभर बाटल्या साठवून एकदम नेल्या की आठवड्याचं दूध-पाव सुटायचं.

प्रवासासाठी देशभराचा एक मासिक पास आहे. मे २०२३ मध्ये तो ४९ युरोंना सुरू झाला, २०२५ मध्ये ५८ आणि २०२६ पासून ६३ झाला. त्यात देशभरच्या शहरी बस, ट्राम आणि साध्या रेल्वेगाड्या येतात, वेगवान गाड्या येत नाहीत. गाडी न घेता आमचं उत्तम चालतं.

पगाराची चिठ्ठी

आता शंभरने गुणायचा तो आकडा. समजा नव्या पदवीधराला वर्षाला ५०,००० युरोंची नोकरी मिळाली. महिन्याला साधारण ४,१६६, म्हणजे आपल्या हिशेबाने चार लाखांवर. लग्न न झालेल्या माणसाच्या हातात त्यातले सुमारे २,६८० येतात. बाकीचे कर, निवृत्तिवेतन, आरोग्य विमा, बेकारी विमा आणि वृद्धापकाळच्या शुश्रूषेचा विमा यांत जातात. यातल्या शेवटच्या विम्यात मूलबाळ नसलेल्यांकडून थोडे जास्तच घेतात.

मग खर्च. एका माणसाचं गरम भाडं ८००, खाणं २५०, वीज-फोन-इंटरनेट ९०, पास ६३, टीव्ही वर्गणी १८, कपडे-औषधं-घरसामान २००, बाहेर जाणं-येणं १५०, आणि वर्षातून एकदा घरी यायच्या तिकिटासाठी दरमहा १०० बाजूला. बेरीज १,६७१. उरले हजार युरो. त्यातून कर्जाचा तेहतीस हजारांचा हप्ता, म्हणजे ३३० युरो. शिल्लक ६८०, म्हणजे अडुसष्ट हजार रुपये.

चार लाखांचे अडुसष्ट हजार झाले. वाईट आहेत का? मुळीच नाही. वयाच्या पंचविशीत दरमहा एवढे उरणं बडोद्यातही सोपं नाही. शिवाय कापले गेलेले पैसे वाया जात नाहीत. आजारी पडलं तर सहा आठवडे पूर्ण पगार मिळतो, दवाखान्यात खिशात फारसा हात घालावा लागत नाही, पाच दिवसांच्या आठवड्याला वर्षात किमान वीस दिवस भरपगारी रजा कायद्यानेच आहे आणि बहुतेक ठिकाणी त्याहून जास्त मिळते. पण अडुसष्ट हजार म्हणजे चार लाख नव्हेत. आणि हा हिशेब नोकरी लागल्यानंतरचा आहे. नोकरी सहा महिन्यांनी उशिरा लागली तर हप्ता तिथे घरी, बाबांच्या निवृत्तिवेतनातून जातो.

ज्याची पावती मिळत नाही

गेल्या वर्षी फेब्रुवारीत माझ्या बाबांच्या छातीत रात्री दुखायला लागलं. अँजिओप्लास्टी झाली. मला कळलं तेव्हा इथे रात्रीचे अकरा वाजले होते. दुसऱ्या दिवशीचं तिकीट नेहमीच्या दुप्पट पैशांना मिळालं, आणि मी पोहोचले तेव्हा बाबा अतिदक्षता विभागातून बाहेर आले होते. अकरा दिवस राहिले, रजा संपली, परत आले.

त्या पहिल्या तीन रात्री दवाखान्याच्या बाकावर कोण बसलं होतं? माझा हाच मावसभाऊ. त्याची सत्रपरीक्षा तोंडावर होती. औषधं आणणं, सह्या करणं, आईला घरी नेऊन जेवायला घालणं, सगळं त्याने केलं. माझ्या वाटचं जागरण त्याने केलं, आणि आता तो मला विचारत होता, ताई, मी जाऊ का?

'जाऊ नकोस' असं म्हणायचा मला काय अधिकार? आणि 'खुशाल जा' म्हणताना पोटात कालवलं, हेही खरं. तो गेला तर मावशी-काकांच्या आणि माझ्या आई-बाबांच्या चार म्हाताऱ्या माणसांच्या जवळ कोणी तरुण हात उरणार नाही. इथे माणसाचा हात ताशी १३.९० युरोंना मिळतो. तिथे तो फुकट मिळत होता, म्हणून मी तो कधी खर्चात धरलाच नव्हता.

हे नवीन नाही. आपली घरं बडोद्यात, इंदूरला, ग्वाल्हेरला आली तीही अशीच कोणाला तरी मागे ठेवून. माझे पणजोबा राजापूरहून संस्थानच्या नोकरीसाठी आले आणि इथलेच झाले. त्यांनी घरी मनिऑर्डरी पाठवल्या, याच्या गोष्टी आमच्या घरात सांगतात. त्यांच्या आईचं शेवटचं आजारपण कोणी काढलं, हे मात्र आज कोणालाच माहीत नाही.

मग काय ठरलं

मी भावाला तीन गोष्टी सांगितल्या. एक, फी नसलेल्या राज्यातलं विद्यापीठ बघ, तिथेच सहा लाख वाचतात. श्टुटगार्टला ताई आहे म्हणून श्टुटगार्ट नको. लाइपझिग किंवा ड्रेस्डेनला खोलीही पुष्कळ स्वस्त मिळते. दोन, आधी बडोद्यातच जर्मन शीक, निदान बी-१ पातळीपर्यंत. भाषा आली तर अर्धवेळ काम आणि पुढची नोकरी दोन्ही लवकर मिळतात, आणि त्या सहा महिन्यांची किंमत आपण वर पाहिलीच. तीन, कर्ज एवढंच काढ की नोकरी वर्षभर लागली नाही तरी काकांचं घर धोक्यात येणार नाही.

आणि चौथी गोष्ट आम्ही सगळ्यांनी एकत्र बसून केली. दोन्ही घरांचे आई-वडील आणि आम्ही, असे जमलो आणि एक कागद तयार केला. कोणाची विमा पॉलिसी कुठे आहे, किती रकमेची आहे, कोणत्या डॉक्टरकडे जायचं, बँकेत वारस म्हणून कोणाचं नाव आहे, किल्ली कोणत्या शेजाऱ्याकडे ठेवायची. मी आणि नवऱ्याने ठरवलं की दरमहा शिल्लक राहील त्यातले शंभर युरो या चौघांच्या नावे वेगळे ठेवायचे, गरज पडली तर दिवसभराचा मदतनीस ठेवता येईल एवढे. काका आधी चिडले, "आत्ताच कशाला अभद्र?" मावशीने मात्र स्वतःच्या रक्तगटापासून सगळं भराभर लिहून दिलं.

भावाने काकांना घर तारण ठेवू दिलं नाही. मकरपुऱ्याच्या एका कारखान्यात नोकरीसाठी बोलणं चालू आहे, संध्याकाळी जर्मनचा वर्ग लावला आहे, आणि थोडे पैसे साठवून २०२७ च्या हिवाळी सत्राला अर्ज करायचं ठरलं आहे. काकांना वाटतं, दीड वर्ष फुकट गेलं. मला तसं वाटत नाही.

त्या कागदावर एक रकाना होता : रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यावं लागलं तर पहिला फोन कोणाला? माझ्या आई-बाबांच्या नावापुढे भावाने स्वतःचा नंबर लिहिला. त्याच्या आई-बाबांपुढे लिहायची वेळ आली तेव्हा त्याने पेन थोडा वेळ हातात धरला आणि म्हणाला, "हे २०२७ पर्यंत शोधायला हवं." तो रकाना अजून रिकामा आहे. आम्ही दोघंही शोधतो आहोत.